स्पिरिटचा वास

आत्माराम सर हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी रत्नागिरीत त्यांचा दरारा कमी झाला नव्हता. गावात सभा असली की अध्यक्ष तेच. व्यसनमुक्ती मंडळ तर त्यांनीच काढलेलं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचा जुना विद्यार्थी जमाल बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आला आणि सिंगापूरहून आणलेली ऑर्किडची रोपं सरांना देऊन गेला. सरांनी ती नारळाच्या सोडणांत बसवून पडवीत टांगली. गणपतीत जांभळ्या फुलांचे तुरे आले. आळीतली माणसं गणपती बघायला यायची आणि ऑर्किड बघून जायची.

थंडीत रोपांवर पांढरा कापूस दिसू लागला. आधी पानांच्या बेचक्यात, मग फुलांच्या दांड्यावर. नेमकं त्याच वेळी गावात पुष्पप्रदर्शन भरलं. तिथे एका बाईंनी विचारलं, "सर, हे पांढरं काय हो?"

"तो या जातीचा गुण," सर लगेच म्हणाले. "अगदी उच्च जातीच्या ऑर्किडलाच असा कापूस धरतो. साध्या जातीला नाही धरत."

परीक्षकांनी माना डोलावल्या. सरांना पहिलं बक्षीस मिळालं. शेजारी ज्यांची ऑर्किड स्वच्छ, हिरवीगार होती, ते बिचारे ओशाळून आपली कुंडी उचलून घरी गेले.

पुढच्याच महिन्यात सरांच्या पत्नी गोदाबाईंनी शेतीचं एक मासिक त्यांच्यापुढे धरलं. "हा बघा तुमचा उच्च जातीचा कापूस."

चित्र हुबेहूब होतं. खाली नाव होतं, पिठ्या ढेकूण. कापसाच्या आत बसून हे किडे झाडाचा रस शोषतात, वेळीच आवरलं नाही तर झाड मरतं, असं लिहिलं होतं. उपायही दिला होता. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं एकेक किडा पुसून काढायचा.

"मग आता लोकांना सांगा," गोदाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? सगळ्या गावादेखत बक्षीस घेतलंय मी!"

सरांनी पडवीला गोणपाटाचे पडदे लावले. मेडिकलमधून स्पिरिट आणलं आणि पहाटे उठून गुपचूप किडे पुसू लागले. एक पुसावा, तर पानाच्या देठाआड दुसरे दडलेले. पहिली बाटली संपली, दुसरी आणली, तिसरी आणली. पडद्यांमुळे वारा लागत नव्हता. वासानं सरांचे डोळे लाल व्हायचे, डोकं गरगरायचं. कपड्यांना तर तो वास कायमचाच चिकटला.

मंडळाचा चिटणीस सखाराम एका सकाळी सभेचं विचारायला आला. सर पडद्याआडून झोकांडी खात बाहेर आले आणि त्यांनी काहीतरी पाठीमागे लपवलं. सखाराम सभेचं न विचारताच परतला. वाटेत मेडिकलवाल्याशी बोलला. संध्याकाळी पुन्हा आला, तो अगदी हळव्या चेहऱ्यानं.

"सर, निवृत्तीनंतर माणसाला एकटेपणा येतो. मी समजू शकतो."

"काय बोलतोयस तू?"

"एवढं स्पिरिट नेता, सर. घरात कोणाला जखमही झालेली नाही. ते प्यायल्यानं माणसं आंधळी होतात हो! तुम्हीच तर भाषणात सांगता."

सर सुन्न झाले. खरं सांगायचं तर ढेकूण सांगावे लागणार. ढेकूण सांगितले तर प्रदर्शनातल्या बक्षिसाचा विषय निघणार. त्यांनी मान खाली घातली. मग खोल आवाजात म्हणाले, "सखाराम, चुकलो मी."

आत गोदाबाईंच्या हातून भांडं पडलं.

सखाराम डोळे पुसत गेल्यावर त्या बाहेर आल्या. "अहो, किड्यांपायी दारुडे झालात तुम्ही?"

"दारुडा सुधारला तर लोक हार घालतात," सर म्हणाले. "मुख्याध्यापकाला कापूस आणि कीड यांतला फरक कळत नाही म्हटलं, तर काय घालतील?"

आणि हार पडलेच. मंडळाच्या खास सभेत सरांनी कबुली दिली, शपथ घेतली. सभागृह हुंदके देत होतं. लगेच मंडणगडहून, आंजर्ल्याहून भाषणाची बोलावणी आली. प्रत्येक भाषणात सरांची दारू वाढत गेली. आंजर्ल्याच्या भाषणात तर ते गटारात पडलेसुद्धा.

घरात आता स्पिरिट आणायची सोय नव्हती. गोदाबाईंनी पडदे काढून टाकले. फारच किडलेलं रोप जाळलं, बाकीची एकमेकांपासून लांब टांगली. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून त्या दर आठवड्याला पानांचे सांदेकोपरे घासायच्या आणि कीड पसरवणाऱ्या मुंग्या चढू नयेत म्हणून लक्ष ठेवायच्या. पावसाळ्यापर्यंत कापूस दिसेनासा झाला. कोणी विचारलंच तर सर सांगायचे, "झाड प्रौढ झालं की गळतो तो."

मग पूर्णगडला भाषण झालं. मंडळी पांगल्यावर केरू नावाचा एक मच्छीमार सरांजवळ आला. त्याचे हात थरथरत होते.

"गुरुजी, परवापासून थेंब घेतला नाय. पन हात लई कापतात. रात्रीची झोप नाय. तुमचे हात कधी थांबले?"

सरांनी तोंड उघडलं. काहीतरी ठोकून द्यायला कठीण नव्हतं. पण समोरच्या माणसानं त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि त्या थरथरीनं सरांचाही हात हलत होता.

"केरू," ते हळूच म्हणाले, "मी कधी प्यायलोच नाही रे. खोटं बोललो मी. झाडांवर कीड पडली होती, म्हणून स्पिरिट आणायचो."

केरूनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं.

"सगळे असंच म्हनतात, गुरुजी. मी सांगायचो, इंजिन पुसायला नेतो." त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "परत घेतलीत वाटतं? लाजू नका. आपन दोगं मिळून सोडू."

सरांनी शपथेवर सांगितलं, गोदाबाईंची साक्ष काढली. केरू समजुतीनं मान हलवत राहिला.

केरूची दारू सुटली ती सुटलीच. दर रविवारी तो एसटीनं रत्नागिरीला येतो, पडवीत सरांशेजारी तासभर बसतो आणि ते ठीक आहेत अशी खात्री करून घेतो. येताना बांगडे आणतो. ते घेताना गोदाबाई त्याला आवर्जून सांगतात, "येत जा रे बाबा, तुझ्यामुळेच हे ताळ्यावर आहेत."