मिठाचा मुकुट आणि कापडी बूट

आमच्या ज्यू घरात योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाची तयारी पपांच्या कॉफीपासून सुरू होते. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि कॉफी तर नाहीच नाही. पपांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना शास्त्रशुद्ध पद्धतीने त्रास करून घ्यायचा असतो. उपासात डोकं दुखू नये म्हणून आधीपासूनच ते रोज एकेक कप कमी करत जातात आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यालासुद्धा, हाच सल्ला देतात. कॉफी उतरत जाते तसा पारा चढत जातो. शेवटी शेवटी आई त्यांच्याशी फक्त मानेने बोलते.

दुसरी तयारी माफीची. देवाविरुद्ध केलेले अपराध उपासाने धुतले जातात, पण माणसांविरुद्ध केलेले अपराध माणसांकडे जाऊन, तोंडाने माफी मागूनच मिटवावे लागतात. नियम झकास आहे. तो पाळणारे माझे नातेवाईक आहेत, ही अडचण. आत्या दरवर्षी घरच्या ग्रुपवर गुलाबाचा फोटो टाकते, खाली लिहिलेलं असतं, 'कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी.' त्याखाली बाकीचे हात जोडतात आणि सगळे एकदम निष्पाप होतात. आत्याने भर लग्नात माझ्या नाकाबद्दल जे म्हटलं, ते कळत होतं की नकळत, हे मी आता गुलाबाला विचारायचं.

मागच्या महिन्यात मी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले. आपण कुठल्याही बाजूने तितक्याच खात्रीने बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी. मामा तेव्हापासून मला वकीलबाई म्हणतो. तर वकीलबाईंनी या वर्षी ठरवलं होतं की आपल्या घरात गुलाब चालणार नाही. माफी मागायची तर कशाबद्दल ते स्पष्ट सांगायचं. आणि सुरुवात पपा आणि मामापासून.

त्या दोघांचं भांडण 'मिठाचा मुकुट' या मालिकेवरून झालं होतं. आटलेल्या समुद्राचं राज्य, मिठाच्या डोंगरात राहणारी राणी, घुबडावर बसून उडणारा आंधळा शिपाई, विहिरीतली चेटकीण. मी लहान होते तेव्हा शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, सुटला की आम्ही मामाकडे जमायचो, कारण त्याच्याकडे भिंतभर पडदा आहे. मुंडकी उडायला लागली की आई माझ्या डोळ्यांवर हात ठेवायची. त्यामुळे मी ती मालिका निम्मी पाहिली आणि निम्मी ऐकली.

शेवटचा भाग लागायचा होता त्याच्या आदल्या शनिवारी, जेवता जेवता, पपांनी शेवट सांगून टाकला. त्यांनी मूळ पुस्तकं वाचली आहेत आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नाहीत. मी तेव्हा आत बर्फ आणायला गेले होते. परत आले तर मामा हातातला घास ताटात ठेवून पपांकडे बघत होता, आणि मामी भरलेल्या ताटांमध्ये पुन्हा वाढत होती. त्यानंतर मामा पपांशी धड बोलला नाही. शेवटचा भाग आमच्यापैकी कोणीच पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्या मते पैसे संपल्यामुळे त्यात घुबड फक्त ऐकू येतं.

आता ती मालिका नव्याने काढतायत. निर्माते म्हणतात, 'मूळ कथेशी प्रामाणिक राहून एक नवी दृष्टी.' म्हणजे तेच सगळं, पण अंधारात. मला सगळं समजतं, तरी मी झलक इतक्या वेळा पाहिली आहे की घुबडाच्या उजव्या पंखात कुठलं पीस वाकडं आहे ते मला पाठ आहे. पहिला भाग येणार होता नेमका उपास सुटायच्या संध्याकाळी. माझी योजना साधी होती: उपास मामाकडे सोडायचा, भिंतभर पडद्यासमोर, पपा आणि मामा एकाच सोफ्यावर. आणि शेवटाचं म्हणाल, तर तो मला अजून माहीत नव्हता. वर्गात कोणी विषय काढला की मी कानात बोटं घालून पाढे म्हणायचे. इतकी वर्षं मी तो शेवट असा जपला होता, जशी आई काचेचा डिनर सेट जपते.

"मी माफी मागून मोकळा झालोय," पपा म्हणाले. "तीनदा मागितली. तीनदा मागून दिली नाही तर दोष त्याच्या डोक्यावर. नियम आहे."

"एकाच फोनवर तीनदा मागितलीत, पपा. एका दमात."

"नियमात फोनबद्दल काही नाही."

"आणि तो नाही म्हणालाच नाही. तो 'बघू' म्हणाला."

"तीनदा 'बघू' म्हणाला."

"बघू म्हणजे नाही नव्हे."

"हे मला सांगतेस? मी तुझ्या आईशी लग्न केलंय."

आईने मान हलवली. कुठल्या दिशेने ते नीट कळलं नाही.

मग मी मामाला गाठलं. त्याचं म्हणणं आणखी सरळ होतं. "हे बघ वकीलबाई, नव्या मालिकेत शेवट बदलला, तर तुझ्या बापाने मला थाप मारली. थापेचं मी मनावर घेत नाही. तोच ठेवला, तर अपराध कायम. तेव्हा शेवटचा भाग येऊ दे, मग बोलू."

"उपास आज संध्याकाळी सुरू होतोय, मामा."

"देवाला सांग थांबायला. मी थांबलोच होतो ना शेवटासाठी?"

"ते सोड. पपांनी समोर येऊन, नक्की कशाबद्दल ते सांगून माफी मागितली तर?"

मामाने थोडा विचार केला. "समोर येऊन?"

"तुझ्या दुकानात."

"बूट घ्यायला येऊ दे," मामा म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी परत पाठवत नाही."

हे बुटांचं सांगायला हवं. उपासाच्या दिवशी चामड्याचे बूट घालायचे नसतात, म्हणून आदल्या दिवशी सगळी मंडळी कापडी बूट घ्यायला मामाच्याच दुकानात येतात. अपवाद फक्त पपा. भांडणानंतर त्यांनी कुठून तरी रबरी सपाता आणल्या. गेल्या वर्षी सिनेगॉगमध्ये सगळे मनातल्या मनात प्रार्थना म्हणत असताना पपांनी पाय बदलला, आणि सपातेने असा आवाज काढला की रब्बींनी मान वर केली. देवानेही केली असणार.

दुपारी आम्ही दुकानात पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. मामी गल्ल्यावर होती. पपांच्या पोटात आदल्या दिवसापासून कॉफीचा थेंब नव्हता. ते बाकावर बसले, मामा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने पपांचा मोजा घातलेला पाय हातात घेतला. माफी मागणारा वर बसलेला, देणारा त्याचे पाय धरून खाली. असं दृश्य कुठल्याही मालिकेत दाखवलं तर मी नाक मुरडलं असतं.

"पाय वाढलाय तुमचा, दाजी," मामा म्हणाला. फोनवरचे तीन 'बघू' सोडले, तर इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य.

"सुजलाय," पपा म्हणाले. "मीठ कमी करायला हवं होतं."

मी पपांच्या खांद्यात बोट खुपसलं. ते खाकरले.

"मी माफी मागायला आलोय."

"कशाबद्दल?" मामाने विचारलं. बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी परीक्षकासारखी मान डोलावली.

"त्या दिवशी जेवताना बोललो त्याबद्दल."

"नीट, पपा," मी म्हणाले. "गुलाब नको. काय बोललात ते सांगा."

आणि पपांनी सांगितलं. कॉफीविना आलेल्या त्या जड, प्रामाणिक आवाजात त्यांनी एकही शब्द न गाळता सांगितलं: राणीचं काय होतं, कोणाच्या हातून होतं आणि त्या वेळी घुबड कुठे असतं. शेवटी म्हणाले, "हे मी तुला सांगायला नको होतं. मला माफ कर."

मामाच्या हातातलं बूट चढवायचं पातं तसंच हवेत राहिलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"पोरगी."

पपांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मामीने डोळे मिटून घेतले. मामाचे खांदे हलायला लागले, आणि तो पपांचा पाय तसाच मांडीवर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम केलंत," तो म्हणाला. "माझी मजा घालवायला. मुद्दाम नाहीच हे. तुम्ही आहातच असे." त्याने पपांच्या पायात बूट सरकवला. "जा, माफ केलं. आता तुमच्यापुढे माझ्यापेक्षा मोठं संकट उभं आहे."

मोठं संकट तोवर मागच्या बाजूला, खोक्यांच्या ढिगात जाऊन बसलं होतं. मी रडत नव्हते. मी तेराचा पाढा म्हणत होते, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. थोड्या वेळाने दोघंही आले. पपांच्या पायात एकच बूट होता.

"मला माफ कर, बाळा," पपा म्हणाले.

"मलाही," मामा म्हणाला. "मी विचारायला नको होतं."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशाबद्दल?"

पपांनी तोंड उघडलं. मामाने झडप घालून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"त्याबद्दल," मामा म्हणाला.

"बघू," मी म्हणाले. घराण्याचा गुण, दुसरं काय.

उपासाआधीच्या शेवटच्या जेवणापर्यंत मी 'बघू'वर ठाम होते. कमी मिठाचा भात, उकडलेलं चिकन, पाण्याचे ग्लासवर ग्लास. पपा खाली मान घालून जेवत होते. पाणी त्यांनी माझ्या ग्लासात तीनदा ओतलं, आणि तिन्ही वेळा काही न बोलता. आईने खिडकीकडे पाहिलं. "सूर्य बुडतोय," ती म्हणाली. "वकिली उद्या संध्याकाळनंतर."

"केलं माफ," मी म्हणाले. "त्याबद्दल."

मग आम्ही सिनेगॉगला निघालो. पपांच्या पायात पांढरे कापडी बूट होते, मुके आणि मापाचे. मामा त्यांच्या शेजारी उभा राहिला. मी वरून, बायकांच्या सज्जातून, बघत होते आणि माझ्या डोक्यात प्रार्थनेऐवजी राणी येत होती. राणी काय करते ते मी इथे लिहिणार नाही. पुढच्या वर्षी तुम्हा सगळ्यांच्या घरी माफी मागत फिरायला मला वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी तारे दिसले, आणि आम्ही मामाकडे पोचलो. भिंतभर पडदा, एकच सोफा. पडद्यावर अंधार होता, म्हणजे नवी दृष्टी सुरू झाली होती. राणी पहिल्यांदा दिसली तेव्हा मला तिची इतकी दया आली की मी हातातला घास परत बशीत ठेवला. हे सगळं माहीत असून तिच्याकडे बघायचं, हे वेगळंच निघालं. तेवढ्यात घुबड आलं. त्याच्या उजव्या पंखातलं ते वाकडं पीस तिथेच होतं.

"पुस्तकात इथे..." पपांनी सुरुवात केली.

मामाने पडद्यावरची नजर न काढता बशीतला केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि त्यांच्या तोंडात कोंबला.