आत्यांना कसं कळलं

त्या घरात मोठं यंत्र कुणी गुपचूप लावत नसे. इस्त्री असो, गीझर असो, आधी त्याचं नाव घेऊन हाक मारायची. बाकीच्यांनी आपापलं काय ते बंद करायचं आणि "लाव" म्हणायचं. हा सासऱ्यांचा कायदा. पाहुण्यांना पाण्याआधी तोच मिळे.

धाकटी सून ओव्हन घेऊन आली तेव्हा तिनंही तो मुकाट मानला. तरी गोम अशी, की सकाळी पाव झकास फुगायचा आणि दुपारी केक अर्धा कच्चा असताना बोर्डावरचा खटका खाली पडायचा. आज तिसरा केक बसला तेव्हा सासरे म्हणाले, "यंत्र खादाड आहे. संध्याकाळी दुकानात परत."

ओव्हन गेला म्हणजे कोपऱ्यावरच्या कॅफेला केक पुरवायचं कामही गेलं. कॅफेवाल्यानं उद्या नमुना मागितला होता.

"मोठ्या अँपिअरचा खटका बसवू," नवऱ्यानं तोड काढली. "पडणारच नाही."

"मग भिंतीतली वायर तापेल," सून म्हणाली. "खटका पडतो म्हणून ती वाचते. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचंच तोंड बांधायचं का?"

"मी आपलं सुचवलं," म्हणत तो ओव्हनचा खोका शोधायला गेला. माणूस समजूतदार, हरला की लगेच कामाला लागणारा.

तिला मात्र रागापेक्षा कुतूहलच छळत होतं. ओव्हन तोच, फ्रिज तोच, मग दुपारीच जास्तीचं कोण खातं? तिनं घरातल्या एकूण एक वस्तूच्या पाठीवरचे वॅट वाचले. सासऱ्यांचा रेडिओसुद्धा उलटा करून झाला. ओव्हन दोन हजार, फ्रिज किरकोळ. सोळा अँपिअरच्या खटक्याला एवढं सहज झेपायला हवं. शेवटी तिनं स्वयंपाकघराचा खटका मुद्दाम खाली केला. बघू तरी, काय काय बंद पडतं.

फ्रिजची घरघर थांबली. आणि मागच्या खोलीतून सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा, आत्यांचा, आवाज आला, "गेली का गं लाइट?"

सून जागच्या जागी थबकली. भर दुपार, उजेड लख्ख. दिवा लावायचं कारण नाही, आणि या थंडीत पंखा कोण लावतो? मग आत्यांना कळलं कसं?

आत्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांवर शाल, तीही पार जमिनीपर्यंत.

"आत्या, शालीखाली काय आहे?"

"गुडघे."

"आणि गुडघ्यांखाली?"

आत्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "जेवल्यावर ठणकतात गं. थोडा वेळ लावते."

सुनेनं आधी शाल ओढली, मग हीटरची पिन काढली. सॉकेट करपून तपकिरी झालं होतं. "शाल पेटली असती म्हणजे? आणि हाक का नाही मारलीत?"

"या खोलीची लाइन वेगळी आहे ना. बाळ्यानंच बसवली. शिवाय हीटर म्हणजे उधळपट्टी म्हणतो तो. सांगू नकोस त्याला."

बाळ्या म्हणजे सासरे. हे नाव घ्यायची मुभा एकट्या आत्यांना. सुनेनं सॉकेटपासून वायर धरली आणि तिच्या मागे मागे गेली. ती थेट स्वयंपाकघराच्या प्लगमागे जाऊन पोचली.

"मी नाही सांगणार," ती परत येऊन म्हणाली. "पण लाइन एकच आहे. आणि ओव्हन संध्याकाळी जातोय." एवढं बोलून ती निघून गेली.

बैठकीत खोक्याला दोरी बांधणं चाललं होतं. काठी टेकत आत्या दारात आल्या.

"बाळ्या, सोड ती दोरी. खादाड मी आहे. दुपारी हीटर लावते."

"तुझी लाइन वेगळी आहे, अक्का."

"पोरीनं वायर धरून पाहिलीय. जा, तूही बघ."

सासरे गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "लाइन ओढली तेव्हा तिथे नुसता दिवा लागायचा." मग वायरमनला फोन लावला: बोर्डापासून दोन नव्या लाइन, जाड वायरच्या, ओव्हनला एक आणि अक्काच्या खोलीला एक. उधळपट्टीचं नाव कुणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी आत्या ओव्हनशेजारी उबेला खुर्ची टाकून बसल्या, आणि केक फुगला.

लाइन वेगळ्या झाल्यावर आत्यांनी हाक मारायची खरं तर गरज उरली नव्हती. पण रोज जेवण झालं की मागच्या खोलीतून खणखणीत आवाज येतो, "हीटर!"

आणि पेपरामागून सासरे म्हणतात, "लाव, अक्का. शाल लांब ठेव."