आखूड पलंगाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे आणि आयुष्यात माझ्यावर कुणी एक रात्रही झोपलेलं नाही. ऐकून राग आला ना? मला तर रोज येतो.

मला बनवलं तेव्हाच घोळ झाला. घोळ कसला, ठरवूनच केलं. सुताराने माप बघून विचारलं, "साहेब, पोरांच्या खोलीतला का?" साहेब म्हणाले, "नाही, नवराबायकोच्या. तू सांगितलंय तेवढं कर." सुताराने करवत चालवली. असा मी वीतभर आखूड आणि त्याहून जास्त अरुंद जन्माला आलो.

का, ते ऐका. हा साहेब म्हणजे बिल्डर, एक इमारत बांधत होता. म्हणजे जमिनीत नुसता खड्डा होता, पण घरं विकायला काढली होती. लोकांना दाखवायला त्याने ऑफिसच्या मागे एक नमुन्याचं घर केलं, सॅम्पल फ्लॅट. त्यात सगळंच चोरटं. मी आखूड, कपाट उथळ, खुर्च्या बारक्या. दारं तर लावलीच नव्हती, कारण दार उघडलं की जागा खातं. मग काय, खोली कशी ऐसपैस दिसायची! लोक यायचे आणि म्हणायचे, "बापरे, केवढी मोठी बेडरूम!" माझ्यावर रेशमी चादर, उशांचा ढीग. लोक फोटो काढायचे. मी पण फुगायचो. मला काय माहीत, मला कशाला मांडलंय.

एक दिवस एक काका-काकू आले. काका बस चालवायच्या नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले. पेन्शन नाही. जन्मभराचा फंड एकदम हातात आलेला. तो घालून इथे घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असा बेत. बेतात काय वाईट होतं? काहीच नाही. टोकनचा चेक काकांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता आणि टायवाला सेल्समन काकांशी न बोलता त्या खिशाशीच बोलत होता.

"काका, आत्ता बुक केलंत तर हा भाव. संध्याकाळी वाढतोय."

"का हो, संध्याकाळी विटा महाग होतात का?" काकूंनी विचारलं.

"अगं, तू थांब जरा," काका म्हणाले. "डेपोतल्या सगळ्यांनी कुठे ना कुठे घेतलंय. मीच मागे राहिलोय."

काकूंचे गुडघे दुखत होते. त्या माझ्यावर टेकल्या आणि मग सरळ आडव्याच झाल्या. माझ्यावर पहिल्यांदा माणूस! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण काकूंचे पाय घोट्यापासून बाहेर लोंबायला लागले.

"मॅडम, उठा, उठा! तो नुसता दाखवायचा आहे!" टायवाला धावला.

"अहो, माझे पाय बघा," काकू काकांना म्हणाल्या.

"तू लांब झालीस वाटतं," काका हसले.

"या वयात माणूस लांब होतो होय? इकडे या. पडा शेजारी."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. लग्नाची बायको आहे, कुणाची पळवून आणलेली नाही."

काका लाजत लाजत पडले. पडले कसले, अर्धे लटकले. एक पाय जमिनीवर, कोपर काकूंच्या बरगडीत. माझी फळी कडकन वाजली. मागे उभी असलेली दुसरी मंडळी खिदळली. काका मात्र हसले नाहीत. छताकडे बघत पडून राहिले.

मग हळूच म्हणाले, "आपला पलंग इथे ठेवला तर?"

"तर भिंतीला घासत चालायचं. आणि कपाट जिन्यात. असलं घर भाड्याने कोण घेणार? भाडं नाही आलं तर आपण खायचं काय, यांच्या जाहिरातीचा हा चकचकीत कागद?"

टायवाला म्हणाला, "मॅडम, खोलीचं माप कागदावर छापलंय. आम्ही काहीच लपवलेलं नाही."

"खोलीचं छापलंयस रे बाबा. पलंगाचं कुठे छापलंयस?"

काका उठले. चेक खिशात खाली ढकलला, वरून बटण लावलं आणि काकूंना हात देऊन उठवलं. "चल," एवढंच म्हणाले.

ते गेले आणि शिव्या मला! म्हणे, "या पलंगाने गिऱ्हाईक घालवलं." अरे वा रे शहाण्यांनो! आखूड कापलं तुम्ही, रेशमात गुंडाळलं तुम्ही आणि दोष माझा? चादर ओढून घेतली, उशा काढल्या आणि मला मागे वाळूच्या ढिगाजवळ फेकलं. आता माझ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकतात. माझ्या जागी दुसरा पलंग आणलाय. माझ्याच मापाचा! फरक एवढाच, की त्याच्यापुढे पाटी लावलीय, 'कृपया बसू नये'.

तर मित्रांनो, लाकडाची काळजी घ्या, वस्तू जपा, असलं काही मी सांगणार नाही. आईबाबांच्या म्हातारपणाचे पैसे जपा. ते घर बघायला निघाले की हट्ट करून सोबत जा. आणि जिथे 'बसू नये' लिहिलं असेल, तिथे आधी बसा.