पिवळ्या रंगातली एसडीसी

आचलच्या लग्नाचं सगळं चित्रीकरण पुसलं गेलं.

"असं काई झालं नाई," स्टुडिओचे मालक खुशालराव म्हणाले. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि ते झालंच नाही असं धरून चहा मागवला.

स्टुडिओत एडिटिंग करणारी प्राजक्ता डबा धुऊन आत आली, तेव्हा खुशालरावांचा मुलगा गजेंद्र कीबोर्डसमोर दोन्ही हात वर करून उभा होता. पोलिस आले तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

"काय केलं?"

"कोरी डिस्क फॉरमॅट करून राहिलो होतो, ताई, पुसून साफ. तिच्यावर लिहिलेलं तेच नाव टाकलं. एसडीसी. मंग लग्नाचं फोल्डर उघडलं, तं आत काईच नाई."

"रामराव हिवरखेडहून निघाले," खुशालराव म्हणाले. "व्याही बी आहेत संगं. पोरीचं लग्न पाहाले येऊन राहिले."

प्राजक्ताने टेबलावरच्या डिस्ककडे पाहिलं. लग्नाच्या डिस्कवर एसडीबी, कोऱ्या डिस्कवर एसडीसी. दसऱ्याच्या पूजेआधी खुशालरावांनी पेंटर बोलावून ही नावं पिवळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतली होती. खाली बारीक वेलबुट्टीही होती, ती पेंटरने स्वखुशीने काढली होती.

"काका, मी तवाच म्हटलं होतं. लिनक्समध्ये हे नाव डिस्कचं नसते. मशीन चालू झालं का जे आधी सापडलं ते एसडीए, मंग एसडीबी. उद्या क्रम बदलला का नाव बदललं."

"माह्या बापानं मले खुशाल म्हटलं. तं रोज सकाळी उठून मी बुधाजी होतो काय?"

"तुमी नाई होत. डिस्क होते."

"मंग ते डिस्क बेइमान आहे."

प्राजक्ता खुर्चीत बसली. कोणती डिस्क आज कोणत्या नावाने आली आहे, ते तिने मशीनला विचारलं. उत्तर आलं. एसडीबी म्हणून कोरी डिस्क येऊन बसली होती. आचलचं लग्न एसडीडी या नावाने, वऱ्हाडासकट, सुखरूप होतं.

"सापडलं," ती म्हणाली.

गजेंद्रने हात खाली घेतले. पडद्यावर आचल हळदीत हसत होती, मागे कुणीतरी जनरेटरवाल्याला शिव्या देत होतं. खुशालरावांनी शटर पूर्ण वर केलं.

"म्हणलं होतं ना, काई झालं नाई!"

प्राजक्ता अजून पडद्याकडेच पाहत होती. लग्न आणि कोरी डिस्क यांच्या मधली ओळ एसडीसीची होती, गजेंद्रने फॉरमॅट केलेली.

सकाळी मशीन चालू करण्याआधी तिने स्वतःची डिस्क मागच्या बाजूला लावली होती. पातूरच्या लेण्यांजवळ शेळ्या चारणाऱ्या केशरबाईवरची तिची फिल्म. दोन वर्षांचे रविवार. परवा ती पुण्याच्या महोत्सवाला पाठवायची होती, निवड झाली तर तिलाही जायचं होतं. कॅमेऱ्याची कार्डं स्टुडिओची, पुढच्या लग्नाला लागणारी, म्हणून तिने ती कधीच रिकामी करून दिली होती.

तिने वाकून आपली डिस्क काढली. हातात अजून गरम होती.

"ते कोनाची व्हय, ताई?" गजेंद्रने विचारलं. "तिच्यावर नावच नाई."

"आहे अशीच एक."

तिने डिस्क ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली. पिशवीची चेन लावायला तिला बराच वेळ लागला.

चहा आला. खुशालरावांनी पहिला कप तिच्यापुढे सरकवला.

"पोरी, आज तू इज्जत राखली. माग, काय पाह्यजे ते माग. लाजू नको."

प्राजक्ताने कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"लेखी देऊ?"

"तोंडी चालते."

"महोदय," ती सरळ बसत म्हणाली, "आज सकाळी संगणक चालू केल्याची कार्यवाही रद्द समजून, सदर सकाळ पुन्हा सुरू करण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."