सोनेरी अक्षरांचं खोकं

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक पॅड आहे. एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घासणारा थर, एवढाच माझा देह. चाकाबरोबर फिरणारी तबकडी घट्ट धरायची आणि गाडी थांबवायची, हे माझं काम. माझा थर आता पार झिजला आहे, राग मात्र तसूभरही झिजलेला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं तपासणीला एक खडूस बाई बसत. प्रत्येक खेपेतला एक पॅड त्या यंत्रात घालून तुटेपर्यंत दाबत. थर पट्टीपासून सुटला, तर सगळी खेप भंगारात. माझा शेजारी असाच यंत्रात गेला. त्याचे तुकडे झाले, पण थर सुटला नाही, म्हणून आम्ही बाकीचे पास झालो. तेव्हा मी त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

पुढं मला शाळेच्या एका व्हॅनला बसवलं. ती चालवणाऱ्या ताई ब्रेकवर इतका हलका पाय ठेवत की मागच्या बाकावर पेंगणारं पोर जागं होत नसे. शाळेसमोरच्या उतारावर रोज माझी कसोटी लागे. ताईंच्या गाडीत पोरं बसली की पालक निर्धास्त असत, आणि त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे घेत असे.

मी पातळ झालो तेव्हा रीतसर किंचाळलो. चांगल्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती तबकडीला घासून ओरडते. ताईंनी लगेच नवे पॅड आणले. मिस्त्रीनं ते बसवले आणि गॅरेजच्या पद्धतीप्रमाणे आम्हा जुन्यांना नव्यांच्याच खोक्यात घालून डिकीत ठेवलं, म्हणजे बदलल्याची गिऱ्हाइकाला खात्री पटते. खोकं मोठं देखणं होतं, वर सोनेरी अक्षरं. माल मात्र कुणीच न तपासलेला. दुकानदारानं तो जाणूनबुजून परदेशातून मागवला होता आणि अस्सल म्हणून विकला होता. त्या पॅडना जीभसुद्धा नव्हती.

एके सकाळी मुलांना सोडून परतताना त्याच उतारावर नव्याचा थर पट्टीवरून सुटला. ताईंनी गाडी भिंतीला घासत कशीबशी थांबवली. शेजारी त्यांचे वडील बसले होते. त्यांचा पाय मोडला.

दुकानदार गावभर सांगत सुटला की मालात खोट नाही, बाईंनीच गाडी दामटली असणार. मग व्हॅनमधली बाकं रिकामी होऊ लागली. ताईंचं नाव गेलं, पाठोपाठ पोटही जाणार होतं. मी डिकीत पडल्या पडल्या जळत होतो. मला सूड हवा होता, आणि तो चारचौघांत हवा होता.

गाडी दुरुस्त झाल्यावर ताई भर गर्दीच्या वेळी दुकानात गेल्या. त्यांनी मला आणि त्या थर सुटलेल्या पॅडला काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलं. दुकानदारानं आमच्याकडे पाहिलंही नाही. तसलंच एक नवं खोकं पुढं सरकवून त्यानं हे फुकट घ्या आणि विषय मिटवा म्हणून सांगितलं. ताईंनी वाद घातला नाही. सोबत आणलेल्या मिस्त्रीकडून दुकानासमोरच ते पॅड बसवून घेतले. मग व्हॅनचं पुढचं दार उघडून धरलं.

"बसा काका. शाळेच्या उतारावरून एक फेरी मारून येऊ. माझे बाबा बसायचे, तिथंच बसा."

तो हसला. दुकान टाकून कसं येऊ म्हणाला.

"दुकान मी बघतो," मिस्त्री म्हणाला.

मग त्याची कंबर दुखू लागली. मग कुणीतरी भेटायला येणार होतं. दुकानातली माणसं ऐकायला जवळ सरकली होती. शेवटी तो ताईंजवळ जाऊन हळूच म्हणाला, "ते काढा, ताई. आत चांगले आहेत, ते देतो."

हळू बोलला, पण ऐकलं सगळ्यांनी. गिऱ्हाइकांनी हातातली खोकी एकेक करून काउंटरवर परत ठेवली. तो पांढराफटक पडला होता. मला दया आली नाही, आणि आजही येत नाही.

मित्रांनो, गाडीचा पार्ट घेताना खोक्यावरची अक्षरं वाचत बसू नका. विकणाऱ्याला शेजारी बसायला सांगा. तो बसला, तरच घ्या.