मधल्या खांबाआडचा ट्रक

महादेवप्पांचं गावाकडचं घर त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. त्यामुळं लातुरात, क्लासच्या गल्लीत, भाड्यानं द्यायला इमारत बांधायची ठरली तेव्हा इंजिनिअरनं नकाशात बारा खांब काढले आणि महादेवप्पांनी चोवीस घातले. इंजिनिअर म्हणाला, "अप्पा, इतके लागत न्हाईत." अप्पा म्हणाले, "त्र्याण्णवला तुम्ही कितवीत होता?" इंजिनिअर म्हणाला, तिसरीत. विषय तिथंच संपला. इमारत उभी राहिली आणि पाच नंबरच्या खोलीत, बरोबर मधोमध, एक खांब आला. त्या खोलीत पलंग लावला तर कपाट बसत नाही आणि दोन्ही लावलं तर माणूस बसत नाही.

इमारतीत फक्त आया राहतात. आया आणि त्यांची नीटच्या परीक्षेला बसलेली पोरं. बाप आपापल्या गावी कामाला. पोर डॉक्टरीला लागेपर्यंत आईनं इथं खोली करून राहायचं, पहाटे डबा करायचा, दुपारी डबा करायचा, आणि मधल्या वेळात जिन्यात बसून कुणाच्या पोराला किती पडले ते बघायचं.

पाच नंबरच्या खोलीत किनवटची हुमा राहायची. पोरगी अलीझा, यंदा दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार. नवरा सलीम ट्रकवर. आज नांदेड, उद्या निजामाबाद. अलीझा सकाळी सातला क्लासला जायची ती दोनला यायची. हुमाचा स्वयंपाक नवाला उरकायचा. नऊ ते दोन तिच्याजवळ खांब होता.

आणि खांबाच्या मागं कॉम्प्युटर होता. अलीझाच्या सराव परीक्षांसाठी तिच्या चुलतभावाकडून, जीशानकडून, आणलेला जुना कॉम्प्युटर. जीशान त्याच्यात एक ट्रकचा गेम विसरून गेला होता. पहिल्या पावसाळ्यात एकदा धूळ पुसताना हुमाच्या हातून तो चालू झाला. समोर स्टिअरिंग आलं. ते बंद कसं करायचं हे माहीत नसल्यामुळं तिनं गाडी बाजूला घेतली.

त्याला आता चौदा महिने झाले होते. हुमाकडं स्वतःचे तीन ट्रक होते, दोन ड्रायव्हर कामाला होते, आणि युरोपातले बरेचसे नाके तिला तोंडपाठ होते. दारातून पाहणाऱ्याला फक्त खांब दिसायचा. खांबामागचं हे माहीत होतं ते एकट्या अलीझाला. तिनं विषय काढला नव्हता. फक्त स्टुलावर एक उशी आणून ठेवली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात क्लासमध्ये पालकसभा झाली. सरांनी जाता जाता सांगितलं की ऑक्टोबरपासून जुन्या विंडोजला कंपनी दुरुस्त्या पाठवणार नाही, जुने कॉम्प्युटर नवं विंडोज घेत नाहीत, तेव्हा वेळेत काहीतरी बघा. दुसऱ्या मजल्यावरच्या साखराबाईंनी वेळेत बघितलं. साखराबाई शिरूर अनंतपाळच्या. त्यांचा मुलगा पहिल्याच वर्षाला आणि त्यांचा दरारा तिसऱ्या वर्षाचा. त्यांनी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, मामी, लिनक्स टाका, फुकट असतं, जुन्या मशीनवर पळतं. फक्त त्याच्यावर गेम चालत नाहीत.

भाच्यानं ते उणं म्हणून सांगितलं होतं. साखराबाईंनी ते औषध म्हणून घेतलं.

रविवारपर्यंत इमारतीत ठराव झाला. पोलिओचा डोस द्यावा तसं खोलीवार लिनक्स द्यायचं. ज्या आईनं आढेवेढे घेतले तिच्या घरात काहीतरी आहे, असं समजायचं.

"तुमच्याकडं कधी टाकायचं, हुमाभाभी?"

"टाका की कधीबी," हुमा म्हणाली. तिचा ट्रक त्या वेळी वॉर्सापाशी उभा होता, वर चोवीस टन काच.

सोमवारी दुपारी महामाया आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कडेवर दोन वर्षांची पोरगी, गळ्यात पेनड्राइव्ह. पोरगी तिनं खांबाला टेकवून बसवली, हातात एक मोडका माऊस दिला आणि कॉम्प्युटर चालू केला. साखराबाई आणि आणखी दोघी, डोस नीट बसतोय का ते बघायला, दारात उभ्या होत्या.

"आधीचं समदं पुसलं जातंय," महामाया म्हणाली. "काही ठेवायचं असंल तर आत्ताच सांगा. नोट्स, फोटो?"

"फोटो ठेव," हुमा म्हणाली. "नोट्स ठेव."

"आन् हा गेम?" महामाया वाचत होती. "चारशे बारा तास खेळलाय."

जिन्यातला आवाज बंद झाला. खालच्या मजल्यावरचा मिक्सरसुद्धा थांबला. तो आपल्या कारणानं थांबला असेल.

"किती?" साखराबाईंनी विचारलं.

"चारशे बारा."

साखराबाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. नीटचा पेपर तीन तासांचा. "एकशे सदतीस पेपर झाले असते गं त्याच्यात!"

नेमकी तेव्हाच अलीझा क्लासहून आली. पाठीवर दप्तर, हातात रिकामी बाटली. सगळ्या बायकांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं स्क्रीनकडं पाहिलं, मग आईकडं. हुमाचं तोंड उघडं होतं. त्यातून काही बाहेर येत नव्हतं.

"माझा आहे," अलीझा म्हणाली, आणि बाटली भरायला आत गेली.

महामायानं पुन्हा स्क्रीन पाहिला. शेवटचं कधी खेळलं तेही तिथं लिहिलेलं होतं: आज, अकरा वाजून चाळीस मिनिटं. अलीझा तर आत्ता क्लासहून येत होती. महामायानं मग हुमाकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"ठेवू का काढू, भाभी?"

दारात तिघीजणी होत्या.

"काढ," हुमा म्हणाली.

अर्ध्या तासात लिनक्स बसलं. कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा लवकर सुरू व्हायला लागला. हुमानं चहा केला आणि साखर घालायची विसरली. साखराबाईंनी तसाच पिऊन टाकला, आणि खाली जाऊन सलीमला फोन लावला. 'ताई, जरा लक्ष असू द्या पोरीवर' असं त्यानंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

तासाभरानं हुमाचा फोन वाजला.

"उद्या येऊन राहिलो," सलीम म्हणाला. "बोरिया-बिस्तर बांध पोरीचा. चारशे तास! किनवटला बसून शिकंल, माझ्या डोळ्यांसमोर."

"तुम्ही तर गाडीवर असता."

"तर अम्मीच्या डोळ्यांसमोर. ठेवतो."

"सावकाश या," हुमा म्हणाली. अठरा वर्षं ती फोन ठेवताना हेच म्हणत आली होती. तो जाताना सावकाश जा, येताना सावकाश या.

अलीझा खांबाला पाठ लावून केमिस्ट्री वाचत होती. हुमा तिच्यासमोर बसली.

"कशाला बोललीस माझा म्हणून?"

"तू काय बोलणार होतीस? त्या सगळ्या दारात असताना?"

हुमानं समोरचे चहाचे कप एकात एक घातले.

"मला वाटलं दोन मिनिटांत विषय मिटंल," अलीझा म्हणाली. "अब्बूला फोन जाईल असं नव्हतं वाटलं." तिनं पान उलटलं. न वाचताच पुढचंही उलटलं. "अम्मी, किनवटला गेले तर माझं होणार न्हाई यंदा."

"न्हाई जायचं," हुमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाला सलीम आला. ट्रक रिंगरोडला ढाब्यापाशी लावून रिक्षानं आला होता. तो जिना चढला तशी त्याच्यामागं साखराबाई चढल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी. सलीमनं सकाळीच फोन करून अलीझाला क्लासला जाऊ न देता बसवून ठेवलं होतं. दप्तर पाठीवरच होतं. सलीम दारात उभा राहिला, बायको, पोरगी आणि खांब यांच्याकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि म्हणाला, "चल."

"बसा," हुमा म्हणाली. "गेम माझा हाय."

सलीम हसला. आजवर या घरात कुणी इतकं उघड खोटं बोललं नव्हतं.

"क्या बोलती?"

"माझा हाय. नऊला स्वयंपाक उरकतो. दोनपर्यंत ही येत न्हाई. मी चालवते."

"काय चालवते?"

"ट्रक."

सलीमनं साखराबाईंकडं पाहिलं. साखराबाई म्हणाल्या, "आईचं काळीज हाय, भाऊ. लेकराला पाठीशी घालायल्या."

"पाठीशी घालायचं असतं तर कालच घातलं असतं," हुमा म्हणाली. "काल मी गप बसले आन् हिनं घातलं मला."

"दाखव मग," सलीम म्हणाला.

"आता कसं दाखवतील?" साखराबाईंनी समाधानानं सांगितलं. "लिनक्स टाकलंय. त्याच्यावर गेम चालतच न्हाई."

हुमानं स्कार्फ नीट केला, जिना उतरली आणि गल्लीच्या तोंडावरून महामायाला घेऊन आली. पोरगी कडेवर होतीच, मोडका माऊस तिच्या हातात होताच.

"लिनक्सवर गेम चालतो का?" सगळ्यांसमोर हुमानं विचारलं.

"चालतो की," महामाया म्हणाली.

"आमचा भाचा तर पुण्यात..." साखराबाई म्हणाल्या.

"पूर्वी चालत नव्हते. काही आजबी न्हाई चालत. पण लई चालतात. विंडोजसाठी केलेला गेम असला तर मधी एक दुभाषी बसवलेला असतो, तो सांगतो इकडचं तिकडं. हा ट्रकवाला तर लिनक्ससाठी येगळाच मिळतो, दुभाषीबी लागत न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"कुणी विचारलंच न्हाई," महामाया म्हणाली. "समदे म्हनले, लिनक्स टाक. टाकलं."

गेम पुसला गेला होता, पण ट्रक, ड्रायव्हर आणि वॉर्सापाशी उभी असलेली काच हे सगळं गेमच्या इंटरनेटवरच्या खात्यात शिल्लक होतं. खातं उघडायला पासवर्ड लागत होता. सगळ्यांनी अलीझाकडं पाहिलं. अलीझा म्हणाली, "मला माहीत न्हाई." ते खरंच होतं. हुमा उशीवर बसली आणि की-बोर्डकडं न पाहता तिनं तो टाकला. मग गेम उतरायला लागला. उरलेला वेळ स्क्रीनवर आला: एक तास चाळीस मिनिटं.

कुणी उठलं नाही. साखराबाई म्हणाल्या, वरण गॅसवर आहे, आणि मुलाला फोन करून गॅस बंद करायला सांगितला. सलीम पलंगावर बसून निळी पट्टी सरकताना बघत होता, ट्रकमध्ये माल चढताना बघतो तसा. हुमानं पोहे केले. अलीझानं केमिस्ट्री काढली. महामायाची पोरगी खांबाला टेकून झोपली.

शंभर मिनिटांनी वॉर्सा आलं.

"हे कुठं?" सलीमनं विचारलं.

"पोलंड."

"ते कुठं आलं?"

"जर्मनीच्या पुढं."

काच गोदामात उतरवायची होती. गोदामाचं तोंड अरुंद, वळण उलटं, आणि मागं ट्रेलर जोडलेला. हुमानं गाडी पुढं काढली, तिरकी धरली आणि रिव्हर्स टाकला. सलीम पलंगावरून उठून तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"आरसा बघ," तो म्हणाला.

"बघितला."

"डावी मार."

"डावी मारली तर शेपूट उजवीकडं जातंय. ट्रेलर हाय."

सलीम स्क्रीनवरच्या आरशाकडं वाकला. ट्रकवरच्या बावीस वर्षांत गाडीच्या बाबतीत त्याला कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं. ट्रेलर हळूहळू वळला, सरळ झाला, आणि दोन पिवळ्या रेघांच्या मधोमध जाऊन थांबला. हुमानं हँडब्रेक ओढला. त्यासाठी कोणती कळ दाबायची हे ती बघतही नव्हती.

"तुम्ही चार-चार दिवस गाडीवर असता," ती स्क्रीनकडं बघतच म्हणाली. "मला वाटायचं, एकटा माणूस एवढा वेळ करतो काय. पुढं नुसता रस्ता असतो. इथं आल्यावर कळलं."

सलीमनं त्या दोन पिवळ्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. मग त्यानं अलीझाकडं वळून, तू इथं काय करून राहिलीस, अशा आवाजात विचारलं, "तुझा क्लास न्हाई का?"

अलीझा गेली. जिन्यात तिची पावलं दोन-दोन पायऱ्या उतरताना ऐकू आली.

"महामाया," साखराबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे आमच्या पोराच्या कॉम्प्युटरवरबी चालतंय काय?"

"समद्यांच्याच, काकू."

साखराबाई वरण बघायला गेल्या.

हुमा डबा घेऊन सलीमला सोडायला रिंगरोडला गेली. ढाब्यावर त्याच्या ट्रकपुढं कुणीतरी उसाची ट्रॉली आणून लावली होती. मागं कडुनिंब. क्लीनर सुट्टीवर. सलीमनं दोन्हीकडं पाहिलं, डबा सीटवर ठेवला आणि वर चढला. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मागं उभी राहा. हात दाखव."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या ट्रकमध्ये ती चारदा बसली होती, चारही वेळा डाव्या सीटवर, चारही वेळा गप्प.

"येऊ द्या," ती ओरडली. "येऊ द्या. उजवी मारा. आणखी. सरळ करा. येऊ द्या. बस्स!"

सलीम थांबला. बघायला उतरला नाही. पुढं मोकळी झालेली जागा बघून गाडी ट्रॉलीच्या बाजूनं काढली, रस्त्याला लावली, आणि इंजिन चालू ठेवून पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"उद्या कुठं जायलीस?"

"हॅम्बुर्ग," हुमा म्हणाली. "मशीनचे भाग हायत."

सलीमनं मान हलवली आणि गिअर टाकला.

"सावकाश जा," तो म्हणाला.