काच कुणी चढवली

वर्षाराणीनं गाडी शिकायची म्हटल्यावर घरात कुणी नको म्हटलं नाही, आणि तोंडभरून हो असंही कुणी म्हटलं नाही. नवरा मृत्युंजय दिवसभर मार्केट यार्डात पेंडीच्या दुकानात अडकलेला. सासूबाई चन्नम्मा, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, गुडघ्यांनी बेजार झालेल्या. कळंब्याहून गावात यायला त्यांना बसच्या पायऱ्या चढवत नसत. कुणीतरी शिकायलाच हवं होतं, म्हणून ती शिकली. गाडी सेकंडहँड, पांढरी, लहानशी. तिच्या काचा हातानं फिरवायच्या होत्या, पण मृत्युंजयचा मित्र पिराजी गाड्यांना असलं जादाचं सामान बसवायचा. त्यानं पुढच्या दोन्ही दारांत मोटर घालून बटणाच्या काचा करून दिल्या. बटणं दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकला चिकटून. घरी पाहुणा आला की मृत्युंजय त्याला काच वरखाली करून दाखवायचा.

२००४ च्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अव्वांना डोळे दाखवायला घेऊन राजारामपुरीत आली. डॉक्टरांचा दवाखाना आतल्या गल्लीत. गाडी जेमतेम कडेला घेतली तोवर मागून टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला. तिनं इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि अव्वांना म्हणाली, तुम्ही उतरा, मी पुढं लावून येतो. अव्वा अंगानं भारी. उतरताना त्यांना काहीतरी धरायला लागायचं. वाऱ्यासाठी काच थोडी खाली केलेली होती. दार उघडून त्या फटीतून डाव्या हाताची बोटं घालून त्यांनी दाराची वरची चौकट धरली आणि सगळा भार त्यावर टाकून त्या उठायला लागल्या.

दारातून मोटरीचा बारीक आवाज आला आणि अव्वा ओरडल्या.

वर्षाराणीनं वळून बघितलं तर काच वर चढलेली, अव्वांची दोन बोटं काचेत आणि चौकटीत सापडलेली. तिनं बटण दाबलं. काच हलेना. तिनं जीव खाऊन दाबलं, तरी हलेना. समोरच्या दुकानातला माणूस धावत आला, त्यानं अव्वांना सावरत दार आत ढकललं, आणि एकदम काच सरसर खाली गेली. अव्वा सीटवर मागं कोसळल्या. रक्त लुगड्यावर सांडत होतं. शेजारच्याच इमारतीत हाडांचे डॉक्टर होते म्हणून बरं. एका बोटाचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याचं नख मुळापासून उपटलं होतं.

संध्याकाळी मृत्युंजयनं सगळं दोनदा विचारून घेतलं. तो ओरडला असता तर तिनंही उलट दोन शब्द सुनावले असते. पण तो शांत होता.

"हँडब्रेक वडताना हात लागला असणार बटणाला," तो म्हणाला. "मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? पण काच काय आपली आपण चढती व्हय?"

मी बटणाला हात लावला नव्हता, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं होतं का? अव्वा ओरडल्या तेव्हा तिचा हात बटणावर होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं. तो आधीपासून तिथं होता, की ओरडल्यावर गेला? आणि नंतर तिनं खाली दाबलं, तर काच खाली का आली नाही? घाबरून आपण वरचंच बटण दाबत राहिलो असू काय? म्हणजे बोटं चिरडत असताना आपणच आणखी जोर लावत होतो? ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला कळंना."

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर अव्वांनी तिला देवघरात बोलावलं. कपाळावर भस्माची बोटं ओढलेली. रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून त्या डाव्या तळहातावर घेत आणि उजव्या हातानं पूजा करत. लग्न होऊन आल्यापासून वर्षाराणीनं यात खंड पडलेला पाहिला नव्हता. आज तो हात मनगटापर्यंत बांधलेला.

"खालनं आधार दे," अव्वा म्हणाल्या.

तिनं आपला तळवा त्यांच्या बांधलेल्या हाताखाली धरला. अव्वांनी लिंग वर ठेवलं, पाणी घातलं, बेलाचं पान वाहिलं. पट्टीला पाणी लागू नये म्हणून वर्षाराणीनं तळवा जरा तिरका केला.

"हलवू नको," अव्वा डोळे न उघडता म्हणाल्या. पूजा झाल्यावर त्यांनी "साकु" म्हटलं, म्हणजे पुरे, आणि ती उठली. कालच्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी ती गाडी घेऊन उद्यमनगरात गेली. बाळासो कांबळे तिथं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, किल्ली फिरवली आणि काच वर घेतली, खाली घेतली. इंजिन चालू ठेवून घेतली, बंद ठेवून घेतली, हँडब्रेक ओढत घेतली, बटणांची पट्टी उचकटून खालच्या तारा हलवून बघितल्या. काच शहाण्यासारखी चालली. त्यानं पट्टी परत बसवली आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं. असं होतं, चुकून दाबलं जातं, असंही म्हणाला. बोलताना त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

घरी येऊन तिनं किल्ली खिळ्याला अडकवली आणि गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं. कारण तिचा मुलगा शिवांश. रविवारी ती सगळ्यांना रंकाळा तलावावर नेताना पाच वर्षांचं ते पोर पुढं बापाच्या मांडीवर बसायचं आणि मान बाहेर काढून वारा खायचं. तिला रात्री ती मान दिसायची. दोष गाडीत असला तर तो शोधता येतो. पण दोष तिच्या हातातच असला, आणि हातानं काय केलं हे तिचं तिलाच ठाऊक नसलं, तर? भाजी चिरताना ती मध्येच थांबून डाव्या हाताकडं बघत बसायची. मृत्युंजयला ती गाडी चालवत नाही हे बरंच वाटलं असावं. दुकानातल्या माणसाला शिकवून घेऊ म्हणाला.

मलमपट्टी बदलायला ती अव्वांना रिक्षातून घेऊन गेली. अव्वा आत डॉक्टरांकडं, आणि ती बाहेर पायरीवर. समोर तीच जागा. बघायचं नाही म्हणून तिनं तोंड फिरवलं, पण नजर परत तिथंच जायची. कडेला विजेचा लोखंडी खांब होता, आणि खांबावर कमरेच्या उंचीला पांढऱ्या रंगाचा ताजा ओरखडा.

ती उठून जवळ गेली. रंग गाडीचाच होता. म्हणजे दार खांबाला टेकलं होतं. पूर्ण उघडलंच नव्हतं. अर्ध्यावर अडलं होतं, आणि त्या अडलेल्या दाराला धरून अव्वा उठत होत्या. मग त्या माणसानं दार आत ढकललं आणि त्याच क्षणी काच खाली गेली. बाळासोनं काच सतरा प्रकारांनी चालवून बघितली होती, पण दार एकतर लावलेलं होतं नाहीतर सताड उघडं. अर्ध्यावर धरून कुणीच बघितलं नव्हतं.

तिला आनंद झाला नाही. कारण आता बघावं लागणार होतं, आणि बघूनही काच जागची हलली नाही, तर मग उत्तर एकच उरत होतं.

अव्वांना घरी सोडून तिनं खिळ्यावरची किल्ली काढली. उद्यमनगरापर्यंत तिनं डावा हात गिअर बदलण्यापुरताच स्टिअरिंगवरून काढला. बाळासो एका टेंपोच्या स्टार्टरमध्ये गुंतला होता. तिला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. बघितलं होतं की वैनी, म्हणाला, आज लई काम आहे. तिनं सांगितलं की मी थांबतो, आणि खरोखरच बाकड्यावर बसून राहिली. शेवटी तोच कंटाळून हात पुसत आला.

तिनं किल्ली फिरवून चालू ठेवली, काच अर्धी खाली घेतली आणि गाडीतून उतरून लांब उभी राहिली. दोन्ही हात पदरात गुंडाळले. मग त्याला दार अर्ध्यावर धरायला सांगितलं. त्यानं धरलं. काच हलली नाही. त्यानं दार थोडं पुढं केलं, मागं केलं. काही नाही.

"झालं काय समाधान?" तो म्हणाला.

मग तिला अव्वांचं अंग आठवलं. "वरनं भार टाका की," ती म्हणाली. "अव्वा लोंबल्यागत धरून उठतात."

बाळासोनं दाराची चौकट धरली, बोटं मात्र काचेच्या बाहेरून ठेवली, आणि अंग टाकलं. बिजागरीत कट्ट आवाज झाला. दार बोटभर खाली लवलं, आतली मोटर वाजली आणि काच सरसर वर चढून चौकटीला भिडली. पुढच्या दोन्ही सीटा मोकळ्या होत्या. बटणांजवळ कुणी नव्हतं.

बाळासोनं दार सोडलं. मग त्यानं काच खाली घेऊन परत तसंच केलं, आणि परत काच चढली. तिसऱ्यांदा करायला गेला तेव्हा ती म्हणाली, नको. ती खाली फरशीवरच बसली होती.

बिजागरीजवळचं पत्र्याचं आवरण काढल्यावर कारण उघडं पडलं. मोटरीच्या तारा दारात न्यायला पिराजीनं पत्र्याला भोक पाडलं होतं आणि भोकाला रबर न बसवता तारा तशाच ओढल्या होत्या. दार उघडून मिटून पत्र्याच्या धारेनं एका तारेची कातडी सोलून निघाली होती. आतलं तांबं चकाकत होतं. बाळासोनं बोटानं तार दाखवली. ही तार पत्र्याला टेकली की काच वर न्यायचं बटण दाबल्यागतच होतं, तो म्हणाला. दार पुरतं उघडलं किंवा लावलं की ती सुटून राहते. अर्ध्यावर भार पडला की टेकते.

"मग मी खाली दाबलं तवा काच का आली न्हाय?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं आजवर कुणाला विचारला नव्हता.

"कशी येणार? तार वर म्हणत हुती, तुमी खाली म्हणत हुता. मोटर जाग्यावर." तो थांबला. "तुमी बरोबरच दाबलं हुतं, वैनी."

ती तोंड फिरवून रडली. बाळासो टेंपोकडं गेला आणि उगीचच पाने-पक्कड खालीवर करत राहिला. मग तिनं तोंड पुसून त्याला सांगितलं की आत्ता दुरुस्त करू नका, आमच्या मालकांना बघू दे. तो कुरकुरला, पण तसंच ठेवलं.

दुकानात फोन केल्यावर मृत्युंजय स्कूटरवरून आला. पेंडीचा भुसा अंगावर तसाच. बाळासोनं त्याला सांगायला सुरुवात केली, पण वर्षाराणी मध्येच म्हणाली, सांगू नका, दाखवा. काच चढली. मृत्युंजयनं वाकून ती तार बघितली, हात लावला, मग उभा राहून बराच वेळ रुमालानं मान पुसत राहिला.

"पिराज्याला बघतो मी," तो म्हणाला.

"त्याला नंतर बघा," ती म्हणाली. "मला काय म्हणायचं हाय का तुमास्नी?"

त्यानं बाळासोकडं एकदा बघितलं. गाडी तयार होईपर्यंत तो तिच्या शेजारी बाकड्यावर बसून राहिला. दुकानातून दोनदा फोन आला तरी उठला नाही. बाळासोनं तारा बदलल्या, वर नळी चढवली, भोकाला रबर बसवलं आणि ढिली बिजागरी आवळली. उजव्या दाराचं आवरण उघडलं तर तिथली तारही निम्मी सोललेली निघाली. ती बघून मृत्युंजय हळूच म्हणाला, "पोरगं बसतंय की गं ह्यात." आणि मग, खाली बघत, "मी तुझ्यावर ढकलाय नको हुतं."

घरी तिनं अव्वांना सगळं सांगितलं. अव्वांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला वाटलं हुतं, तूच दाबलीस," त्या म्हणाल्या. "बोलले न्हाय. पण वाटलं हुतं."

"मलाबी तसंच वाटलं हुतं, अव्वा."

अव्वांनी चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या.

पुढच्या मलमपट्टीला गाडीच काढायची असं अव्वांनीच सांगितलं. तरी बसताना त्यांनी दाराला स्पर्श केला नाही. सीटला धरून, कण्हत, अंग आत ओढून घेतलं. कळंब्याच्या तलावावरून गरम वारा येत होता. पुढं रस्त्याचं काम चाललेलं, खडीची धूळ उडत होती. अव्वांनी पदर नाकाला लावला.

"काच वर घे," त्या म्हणाल्या.

वर्षाराणीनं गाडी कडेला थांबवली. बटणावर बोट नेलं आणि थांबली.

"हात कुठं हाय, अव्वा?"

"मांडीवर हाय."

तिनं वाकून बघितलं. दोन्ही हात मांडीवर होते. तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग बटण दाबलं, आणि काच पुरती वर जाईपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.